सर ज. जी. कलाशाळा : विद्यार्थ्यांच्या कलाकृतींतून दिसणारा इतिहास

एखाद्या विद्यासंस्थेचा इतिहास लिहावयास बसले म्हणजे देणगीदारांचे औदार्य, अधिष्ठात्यांच्या कारकिर्दी, इमारतींच्या कोनशिला आणि सरकारी ठराव यांच्या अनुक्रमाने तो लिहून काढण्याचा प्रघात आपल्याकडे रूढ आहे. आणि ज्या संस्थांचे कार्य वर्ग, परीक्षा व निकालपत्र यांतच परिसमाप्त होते त्यांच्या बाबतीत तो पुरेसाही ठरतो. परंतु मुंबईच्या सर जमशेटजी जीजीभॉय कलाशाळेची, म्हणजे महाराष्ट्रातल्या लहानथोरांच्या तोंडी असलेल्या ‘जे. जे.’ची, गोष्ट निराळी आहे. येथे विद्यार्थी जे शिकतो ते वस्तुरूपाने त्याच्या हातून बाहेर पडते, भिंतीवर लागते किंवा चौथऱ्यावर उभे राहते, आणि शिक्षकाच्या पसंतीइतकीच वाटेने जाणाऱ्या अनोळखी माणसाच्या नजरेलाही त्याला सामोरे जावे लागते. म्हणूनच वार्षिक प्रदर्शनाच्या निमित्ताने निघणाऱ्या या स्मरणिकेत संस्थेची हकीकत सांगताना विद्यार्थ्यांच्या कृतींनाच मुख्य पुरावा मानावे, आणि अधिकारी, ठराव व तरतुदी यांचा उल्लेख त्यांच्या अनुषंगाने करावा, हे प्रस्तुत लेखकाला अधिक न्याय्य वाटते.

प्रारंभ अर्थात दात्यापासूनच करावा लागेल. सर जमशेटजींनी १८५३ साली कला व हस्तव्यवसाय यांच्या उन्नतीसाठी शाळा काढावी म्हणून १ लक्ष रुपये देऊ केले. लंडनमध्ये १८५१ साली भरलेल्या महाप्रदर्शनात हिंदुस्थानी कारागिरांच्या विणकामाची, धातुकामाची आणि नक्षीकामाची युरोपियनांकडून मुक्तकंठाने वाखाणणी झाली होती. आणि त्याच वेळी गिरण्यांच्या स्वस्त मालापुढे या कारागिरांचा निभाव कसा लागावा ही चिंताही विचारी माणसांना पडू लागली होती. तेव्हा ही संस्था जन्माला आली तीच मुळी एका प्रदर्शनाच्या छायेत, असे म्हटल्यास ते अतिशयोक्तीचे होणार नाही. मार्च १८५७ मध्ये एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये चित्रकलेचे वर्ग सुरू झाले. मुंबई विद्यापीठाच्या स्थापनेचे सालही हेच. परंतु एकाच शहरात एकाच वर्षी निघालेल्या या दोन संस्थांचा रीतसर संबंध जडण्यास १९८१ साल उजाडावे लागले. हाताने काम करणाऱ्याची विद्या आणि पुस्तकातून शिकणाऱ्याची विद्या यांच्यामध्ये आपल्या समाजाने किती रुंद अंतर राखले होते, याचे हे एक बोलके प्रमाण आहे.

१८६५ साली शाळेचे खरे रूप आकारास येऊ लागले. त्या वर्षी विलायतेतून शिक्षक आले, आणि भित्तिचित्रण व सजावट, वास्तुशिल्प आणि शोभेचे लोहकाम असे स्वतंत्र कारखाने उघडण्यात आले. चित्रणाचा विभाग जॉन ग्रिफिथ्स यांच्याकडे आणि वास्तुशिल्पाचा जॉन लॉकवुड किपलिंग यांच्याकडे आला. किपलिंग यांचे नाव पुढे त्यांच्या पुत्रामुळे अधिक गाजले. रडयार्ड किपलिंग यांचा जन्म ३० डिसेंबर १८६५ रोजी मुंबईतच झाला, आणि त्या जन्माच्या आठवणीने आजही कित्येक पाहुणे शाळेच्या आवारात येतात. तथापि संस्थेच्या दृष्टीने किपलिंग यांचे महत्त्व दुसऱ्याच कारणासाठी आहे. विद्यार्थ्याने केलेले काम वर्गाच्या फळीवर वाळत न ठेवता ते शहराच्या भिंतीवर चढले पाहिजे, हा दंडक त्यांच्या काळी पडला. क्रॉफर्ड मार्केटच्या, म्हणजे आजच्या महात्मा जोतिबा फुले मंडईच्या, प्रवेशद्वारांवरील उठावशिल्पे त्यांच्या आराखड्यावरून झालेली आहेत. शेतकरी, हमाल, बाजारहाट करणारी माणसे हे त्यांचे विषय. देवादिकांच्या किंवा राजेरजवाड्यांच्या आकृतींऐवजी रोजच्या श्रमाला दगडात स्थान देणे ही त्या काळी सामान्य गोष्ट नव्हती.

या दंडकाचा सर्वांत भव्य आविष्कार बोरीबंदरला पाहावयास मिळतो. फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स यांनी आखलेली ही रेल्वेची इमारत १८७८ पासून दहा वर्षे बांधली जात होती, आणि योगायोग असा की शाळेची स्वतःची वास्तूही १८७८ सालीच, तेथून हाकेच्या अंतरावर उभी राहिली. घुमटावरचा ‘प्रगती’चा पुतळा विलायतेतील शिल्पकार थॉमस अर्प यांच्याकडून आला, परंतु खांबांची शीर्षे, कमानींच्या कडा, तिकीटघरातील वेलबुट्टी, जाळ्या आणि कठडे यांवरील असंख्य आकृती ग्रिफिथ्स यांच्या देखरेखीखाली कलाशाळेच्या विद्यार्थ्यांनी सिद्ध केल्या. सामान्य प्रवासी गाडी चुकेल या धास्तीने मान खाली घालून धावत असतो. पण कधी पाच मिनिटे सवड काढून एखाद्या खांबाजवळ उभे राहावे आणि वर पाहावे. इंग्लंडातील गॉथिक चर्चमध्ये जेथे ओक वृक्षाची पाने असावयाची, तेथे आपल्याकडची पाने पसरलेली दिसतात. त्यांच्या आडोशाला मोर आहे, माकड आहे, पाल आहे. नियम विलायतेचा, मोजमाप विलायतेचे, आणि त्या चौकटीत पाहणारा डोळा मात्र या मातीत वाढलेल्या मुलाचा, असा हा संयोग आहे. युनेस्कोने २००४ साली या वास्तूला जागतिक वारसास्थळाचा दर्जा दिला. ज्या कलाकुसरीसाठी तिची जगभर कीर्ती झाली त्या कलाकुसरीचा मोठा वाटा विद्यार्थ्यांचा, म्हणजे पदविका हाती येण्यापूर्वीच्या शिकाऊ तरुणांचा आहे, आणि त्यांतील बहुतेकांची नावे आज कोणालाही सांगता येत नाहीत, ही गोष्ट या स्मरणिकेत ठळकपणे नमूद व्हावी.

अजिंठ्याच्या कार्याची हकीकत याहून अधिक विस्ताराने सांगण्याजोगी आहे. रॉबर्ट गिल या लष्करी अधिकाऱ्याने वर्षानुवर्षे खपून अजिंठ्याच्या चित्रांच्या ज्या प्रतिकृती केल्या होत्या, त्यांपैकी बहुतेक १८६६ च्या डिसेंबरात लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला लागलेल्या आगीत नष्ट झाल्या. मूळ चित्रे तर वटवाघळे, ओल आणि हौशी प्रवाशांची नखे यांनी दिवसेंदिवस झिजत चालली होती. तेव्हा ग्रिफिथ्स यांनी सरकारची मंजुरी मिळवून १८७२ पासून विद्यार्थ्यांना बरोबर घेऊन थंडीच्या दिवसांत लेण्यांत मुक्काम करण्याची प्रथा पाडली, आणि अधूनमधून खंड पडत असताही ती १८८५ पर्यंत चालू राहिली. या तरुणांमध्ये पेस्तनजी बोमनजी होते, जगन्नाथ अनंत होते. मशालीच्या आणि परावर्तित सूर्यप्रकाशाच्या आधाराने, छतावरची चित्रे मान उलटी करकरून न्याहाळीत, गळून पडलेल्या गिलाव्याची भोकेसुद्धा जशीच्या तशी उतरवीत त्यांनी सुमारे ३०० चित्रे पुरी केली. रिकाम्या जागा मनाने भरून काढण्याचा मोह त्यांनी आवरला, हे विशेष. पडझड जेथे आहे तेथे पडझडच दाखवावयाची, हा या कामातला प्रामाणिकपणा एखाद्या मुरलेल्या संशोधकालाही भूषणावह वाटावा असा आहे. आणि तो वयाने विशी-पंचविशीतल्या मुलांनी, परीक्षेत त्याला गुण मिळणार आहेत की नाहीत याचा विचार न करता पाळला.

दैव मात्र येथेही आडवे आले. लंडनच्या साउथ केन्सिंग्टन येथे ठेवलेल्या या प्रतिकृतींपैकी १०० हून अधिक १८८५ सालच्या आगीत जळाल्या. उरलेल्या तेथील व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहेत, आणि त्यांच्या आधारे ग्रिफिथ्स यांचा अजिंठ्यावरील दोन खंडांचा ग्रंथ १८९६-९७ मध्ये प्रसिद्ध झाला. रंग स्पष्ट दिसावेत म्हणून त्या काळी मूळ भित्तिचित्रांवर जे वार्निश चढविण्यात आले, त्याने पुढे पिवळे पडून चित्रांची हानी केली, हेही सांगितले पाहिजे. आदर इतिहासाला असावा तसा सत्यालाही असावा. परंतु त्यानंतर मूळ चित्रांतील जे अंश कायमचे नाहीसे झाले, त्यांची कित्येक ठिकाणी एकमेव साक्ष आज या विद्यार्थ्यांच्या कापडावर शिल्लक आहे. ज्यास आपण सहज ‘विद्यार्थ्याचा अभ्यास’ म्हणून बाजूस सारतो, तोच अभ्यास एखाद्या राष्ट्राच्या स्मृतीचे दप्तर होऊन बसतो, याचे याहून सबळ उदाहरण मला ठाऊक नाही.

अजिंठ्याहून आणलेले आकार शाळेच्या कुंभारकामातही उतरले. शाळेतील शिक्षक टेरी यांच्या पुढाकाराने सुरू झालेल्या या विभागातील झिलईदार फुलदाण्या आणि सुरया देशोदेशींच्या प्रदर्शनांत गेल्या, आणि त्यांतील काही आज परदेशी संग्रहालयांच्या कपाटांत ‘बॉम्बे स्कूल ऑफ आर्ट’ या एवढ्याच नावाने ओळखल्या जातात. पुढे १८९१ साली गव्हर्नर लॉर्ड रे यांच्या नावाने कलाकारखाने निघाले आणि धातुकाम, मीनाकारी, लाकडी कोरीवकाम, गालिचे अशा शाखा त्यांत आल्या. मूळ देणगीचा जो हेतू, म्हणजे कारागिराच्या मुलाला रेषेचे शिक्षण देऊन त्याचा धंदा जगविणे, तो या कारखान्यांनी काही काळ तरी सिद्धीस नेला.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात वातावरण पालटले. मुंबईत १८८८ साली बॉम्बे आर्ट सोसायटी स्थापन झाली होती, आणि तिच्या वार्षिक प्रदर्शनांत आता कलाशाळेचे विद्यार्थी आपापल्या नावाने उतरू लागले. कोल्हापूरहून आलेले महादेव विश्वनाथ धुरंधर यांनी १८९० च्या जानेवारीत शाळेत पाऊल ठेवले, आणि १८९५ साली त्यांच्या चित्राला सोसायटीचे सुवर्णपदक मिळाले. लगेच पुढच्या वर्षी गणपतराव म्हात्रे यांची ‘मंदिरपथगामिनी’ लोकांपुढे आली. विशीच्या आतबाहेरचा हा विद्यार्थी. आणि नऊवारी नेसून देवदर्शनास निघालेली तरुणी हा त्याचा विषय. निऱ्यांचा भार, अंगाला लपेटलेल्या पदराखाली जाणवणारी चाल, आणि चेहऱ्यावरील शांत एकाग्रता ही प्लॅस्टरमध्ये इतक्या कोवळ्या हाताने प्रकट झालेली पाहून जाणते लोक विस्मित झाले. सर जॉर्ज बर्डवुड यांच्यासारख्या टीकाकाराने, हिंदुस्थानात खरी शिल्पकला वा चित्रकला नाही असे ज्यांचे मत होते त्यांनी, केवळ छायाचित्र पाहून तिची प्रशंसा केली. ई. बी. हॅवेल यांना ती ग्रीक पद्धतीची अनुकृती वाटली. हा वाद येथे उकरून काढण्याचे प्रयोजन नाही. माझे स्वतःचे मत एवढेच की, शाळेच्या जुन्या वर्गातून ग्रीक पुतळ्यांच्या प्लॅस्टरच्या नकला रेखाटीत वाढलेल्या मुलाने त्या पुतळ्यांचा घाट घेतला तर ते स्वाभाविकच होते, आणि त्या घाटात त्याने आपल्या घरातली बाई पाहिली हे स्वाभाविकाहून पुष्कळ मोठे होते. एका विद्यार्थ्याच्या कृतीमुळे दोन खंडांतील विद्वानांना कलेच्या मूलभूत प्रश्नांवर लेखण्या उचलाव्या लागल्या, हा प्रसंग कोणत्याही विद्यापीठाने अभिमानाने मिरवावा असा आहे.

धुरंधर पुढे त्याच शाळेत शिक्षक झाले, वरच्या हुद्द्यापर्यंत चढले, आणि १९३१ साली निवृत्त झाले. त्यांचे ‘कलामंदिरातील एकेचाळीस वर्षे’ हे १९४० सालचे पुस्तक संस्थेच्या अंतरंगाचा मराठीतला सर्वांत विश्वसनीय दस्तऐवज होय, आणि ज्या विद्यार्थ्यांनी ते अद्याप वाचलेले नाही त्यांनी ते मिळवून वाचावे अशी माझी आग्रहाची सूचना आहे. त्यांच्याच पिढीतले गोव्याचे अंतोनियो झेवियर त्रिंदाद हे विद्यार्थी म्हणून आले आणि शिक्षक म्हणून राहिले. त्यांची कन्या अँजेला त्रिंदाद आणि धुरंधरांची कन्या अंबिका या दोघींनी आपापल्या वडिलांच्या मागोमाग याच शाळेत शिक्षण घेतले. मुलींनी चित्रकार व्हावे ही कल्पनाच ज्या काळी घराघरांतून खपत नव्हती, त्या काळी प्रदर्शनाच्या भिंतीवर त्यांची नावे लागत होती.

ग्लॅडस्टन सॉलोमन यांची १९१९ पासूनची कारकीर्द प्रदर्शनांच्या दृष्टीने सर्वांत गजबजलेली ठरली. प्लॅस्टरच्या निर्जीव नकलांवरून चित्र काढण्याची जुनी शिस्त शिथिल करून त्यांनी जिवंत मॉडेलवरून अभ्यासाचा वर्ग सुरू केला, आणि त्यापाठोपाठ भित्तिचित्रणाचा. विरोध झाला, कुजबूज झाली; पण विद्यार्थ्यांच्या रेषेत जो जिवंतपणा आला तो कोणाच्याही डोळ्यांना दिसण्यासारखा होता. वेंब्ली येथे १९२४ साली भरलेल्या साम्राज्य प्रदर्शनासाठी शाळेने एक संपूर्ण ‘भारतीय दालन’ तयार करून धाडले. त्यात चित्रकार, शिल्पकार आणि लाकूडकाम करणारे अशा सर्व विभागांचे विद्यार्थी एका आराखड्याखाली राबले, आणि स्वतंत्रपणे काम करण्याची सवय लागलेल्या तरुणांना एकमेकांच्या कामाशी जुळवून घेण्याची जी तालीम यातून मिळाली ती मला त्या दालनाच्या कीर्तीहूनही मोलाची वाटते. त्यानंतर नव्या दिल्लीच्या सचिवालयातील नॉर्थ ब्लॉकच्या भिंती व घुमट रंगविण्याच्या कामात मुंबईच्या शाळेतून तयार झालेल्या चित्रकारांना भाग मिळाला. जगन्नाथ अहिवासी यांनी चालविलेला भारतीय शैलीचा वर्ग हेही याच कालखंडाचे फळ होय.

असे असूनही तिसाव्या दशकाच्या आरंभी, मंदीच्या दिवसांत, सरकारी काटकसरीच्या योजनेत ही शाळाच बंद करावी अशी शिफारस पुढे आली. वर्तमानपत्रांनी आवाज उठविला, कलाप्रेमी नागरिकांनी सभा घेतल्या, आणि ती शिफारस दप्तरी दाखल होऊन राहिली. या लढ्यात शाळेच्या बाजूने सर्वांत परिणामकारक युक्तिवाद कोणता ठरला असेल, तर ज्या शहरात रेल्वेस्थानकापासून मंडईपर्यंत तिच्या मुलांचे काम उभे होते त्या शहराला तिची किंमत पटवून देण्याची गरजच नव्हती, हाच असावा असे मला वाटते. याच सुमारास जाहिरातकलेचा वर्गही सुरू झाला. ललितकलेच्या पुजाऱ्यांना ही धंदेवाईक शाखा सुरुवातीला रुचली नाही; परंतु महाराष्ट्राच्या घराघरांत चित्रकला पोहोचविण्याचे काम ज्या माध्यमांनी केले, ती कॅलेंडरे, पुस्तकांची वेष्टने आणि दिवाळी अंक, यांच्याकडे पाहता तो निर्णय दूरदृष्टीचा होता याविषयी शंका राहत नाही. मडगावहून आलेले दीनानाथ दलाल याच शाळेत शिकले आणि त्यांच्या ‘दीपावली’ने मराठी वाचकाला चित्र जपून ठेवावयास शिकविले. अक्षरकलेचा ध्यास घेतलेले र. कृ. जोशी हेही येथलेच; संगणकावर देवनागरी वाचणाऱ्या कोट्यवधी लोकांच्या परिचयाचा ‘मंगल’ हा टंक त्यांच्या हातचा आहे.

संस्थेच्या निवाड्यांत चूक झालीच नाही, असे मात्र कोणी समजू नये. आर. के. लक्ष्मण यांच्या अर्जाला ‘आपल्यात आवश्यक ती गुणवत्ता दिसत नाही’ अशा आशयाचे उत्तर गेले, ही हकीकत सर्वश्रुत आहे. फ्रान्सिस न्यूटन सूझा यांना ‘छोडो भारत’ चळवळीतील सहभागापायी १९४५ साली शाळेतून काढून टाकण्यात आले, आणि त्याच सूझांनी १९४७ साली प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रूपची स्थापना करून हिंदी चित्रकलेला नवे वळण लावले. रझा, गायतोंडे, तय्यब मेहता, अकबर पदमसी, प्रभाकर बरवे ही पुढची नामावळी सर्वांना मुखोद्गत आहे, आणि तिची पुनरुक्ती करून मी जागा अडवीत नाही. ज्यांना शाळेने नाकारले त्यांचीही आठवण अशा स्मरणिकेत असावी, कारण नाकारण्याचा अधिकार ज्या परीक्षकमंडळाच्या हाती असतो त्याने तो किती जपून वापरावा हे त्यांच्या चरित्रांवरून कळते.

त्यानंतरचे प्रशासकीय टप्पे थोडक्यात नमूद करतो. वास्तुकलेची शाखा १९५८ साली आणि उपयोजित कलेची १९६१ साली स्वतंत्र संस्था झाली. १९६५ साली राज्याचे कला संचालनालय स्थापन झाले. १९८१ साली पदविकेच्या जागी मुंबई विद्यापीठाची पदवी आली. आणि २०२३ साली कला, वास्तुकला व अभिकल्प या तिन्ही शाखांना मिळून अभिमत विद्यापीठाचा दर्जा प्राप्त झाला. त्यामुळे जे प्रदर्शन आजवर एका शाळेचे म्हणून भरत आले ते आता एका विद्यापीठाचे झाले आहे, आणि साठ वर्षांपूर्वी विभागलेली भावंडे पुन्हा एका छत्राखाली आली आहेत. वेंब्लीच्या दालनात विविध शाखांच्या विद्यार्थ्यांनी मिळून जे केले ते आजच्या वास्तुकार, चित्रकार आणि अक्षररचनाकार विद्यार्थ्यांना पुन्हा करता येण्यास आता कसलाही अडसर उरलेला नाही.

वार्षिक प्रदर्शन पाहावयास येणाऱ्या रसिकाला भिंतीवर लागलेली चित्रे दिसतात. त्यामागचे दिवस त्याला दिसत नाहीत, म्हणून त्यांविषयी दोन शब्द लिहिणे मला अगत्याचे वाटते. प्रदर्शनापूर्वी काही दिवस आवाराचे रूपच बदलून जाते. ज्या लाकडी ‘डाँकी’वर बसून वर्षभर हेड स्टडी आणि लाइफची कामे झाली ती बाजूला सरकतात, कॅनव्हास ताणण्याचे खिळे आणि हातोड्या बाहेर येतात, माउंट कापण्यासाठी ब्लेड मागत मुले या वर्गातून त्या वर्गात धावत असतात, मातकामाच्या विभागात भट्टीची झिलई कशी उतरते या काळजीने कोणी रात्र जागून काढतो. शिल्पविभागात तर एखादे ओतकाम उघडण्याचा प्रसंग पाहावा असा असतो. मातीच्या मूळ मूर्तीवर प्लॅस्टरचा पहिला थर देताना त्यात थोडी नीळ कालवलेली असते, आणि त्यावर पांढऱ्या प्लॅस्टरचे जाड कवच चढविलेले असते. माती काढून त्या पोकळीत पुन्हा प्लॅस्टर ओतले, ते आळले, की मग छिन्नी आणि लाकडी मोगरी घेऊन विद्यार्थी बाहेरचे कवच फोडावयास बसतो. पांढरा भाग बेधडक उडवावा. निळा दिसू लागला की हात हलका करावयाचा, कारण त्याच्याखाली कोठेतरी नाक आहे, पापणी आहे, बोटाचे टोक आहे. एक आगाऊ घाव आणि महिन्यांचे काम वाया. आजूबाजूला उभे असलेले वर्गमित्र त्या वेळी एकमेकांशी बोलत नाहीत. असे काम पुरे होऊन चौथऱ्यावर चढते तेव्हा त्याच्या खाली कागदाची एक चिठ्ठी लागते: कृतीचे नाव, माध्यम, वर्ग, आणि करणाऱ्याचे नाव.

ही चिठ्ठी माझ्या मते वार्षिक प्रदर्शनाचा सर्वांत महत्त्वाचा घटक आहे. बोरीबंदरच्या खांबांखाली ती नव्हती. अजिंठ्याच्या प्रतिकृतींखाली ती काही ठिकाणी होती, काही ठिकाणी नव्हती. परदेशी संग्रहालयांतील फुलदाण्यांखाली शाळेचे नाव आहे, कुंभाराचे नाही. ज्यांनी कामे केली ते विद्यार्थी होते, एवढ्या कारणाने त्यांची नोंद ठेवण्याची निकड त्या वेळी कोणाला भासली नाही. लॉर्ड मेयो हे व्हाइसरॉय १८७२ साली अंदमानात मारले गेले, त्यांच्या स्मरणार्थ ठेवलेले मेयो पदक संस्थेतील सर्वोच्च सन्मान मानले जाते, आणि ते मिळविणाऱ्यांची नावे टिकली. परंतु प्रदर्शनाचे महत्त्व पदकाइतकेच पदक न मिळालेल्या शेकडो कामांत असते. परीक्षक पाच-दहा कृतींवर थांबतात, भिंत मात्र सगळ्यांना सारखी जागा देते, आणि पुष्कळदा असे घडलेले आहे की, ज्याच्या चित्रापुढे त्या दिवशी कोणी उभे राहिले नाही त्याच्याच नावाने पुढे लोक त्या वर्गाची ओळख सांगतात. जिल्ह्याच्या गावातून एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या परीक्षांची प्रमाणपत्रे घेऊन मुंबईस आलेला मुलगा, वसतिगृहात किंवा नातेवाइकाच्या एका खोलीत राहून चार वर्षे काढतो, आणि प्रदर्शनाच्या दिवशी त्याचे आईवडील प्रथमच शाळेच्या आवारात येतात. चित्रातले त्यांना कळो अथवा न कळो, चिठ्ठीवरचे नाव त्यांना वाचता येते. आपला मुलगा इतकी वर्षे काय करीत होता याचे उत्तर त्यांना तेथे मिळते, आणि संस्थेच्या लौकिकापेक्षा हे उत्तर मला कमी महत्त्वाचे वाटत नाही.

आता उरते ते एक विनंतीवजा निवेदन. गेल्या दीडशेहून अधिक वर्षांत या शाळेतून बाहेर पडलेल्या विद्यार्थ्यांची वर्गकामे, रेखाटनवह्या, प्रदर्शनांच्या छापील सूची, पदके, गटछायाचित्रे आणि पत्रे महाराष्ट्रात, गोव्यात आणि बाहेरही ठिकठिकाणच्या घरांत माळ्यावर, ट्रंकांत आणि कपाटांच्या तळाशी पडून आहेत. त्यांपैकी पुष्कळांना वाळवी लागली आहे, पुष्कळ घर बदलताना रद्दीत जातात. ज्यांच्या घरी असा ऐवज असेल त्यांनी तो टाकून देण्यापूर्वी संस्थेशी संपर्क साधावा. मूळ वस्तू देण्याची इच्छा नसल्यास निदान तिचे छायाचित्र आणि करणाऱ्याचे नाव, वर्ग व साल एवढे तरी कळवावे. आणि या वर्षी प्रदर्शनात भाग घेणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्यास माझे सांगणे आहे की, आपल्या कामाच्या पाठीमागे आपले पूर्ण नाव, गावाचे नाव आणि साल स्वतःच्या हस्ताक्षरात न चुकता लिहावे.